धन्यासाठी ओलीस राहिलेला गेमेल

इंग्लंडच्या उत्तर सीमेवरच्या हॅझलडेनच्या गढीत गेमेल हार्प हे तारांचं वाद्य वाजवायचा आणि वीरगीतं गायचा. बाप कातडी कमावणारा. पण पोराचा आवाज असा की गढीच्या म्हाताऱ्या धन्याने त्याला जत्रेत ऐकलं आणि सरळ घरी आणून ठेवलं. तेव्हापासून त्याचं जेवण गढीतलं, हिवाळ्यातला लोकरी अंगरखा गढीचा, आणि बायकोही गढीचीच. ती लोणी काढणारी एमट.

बाकीच्यांना ती गाणी म्हणजे जेवणानंतरची करमणूक. गेमेलला ती खरी वाटायची. रणात पडलेल्या वीरांचं गाणं सुरू करण्याआधी तो कपाळापासून छातीपर्यंत क्रूस काढायचा, जणू प्रेतं समोरच ठेवली आहेत. धन्याचा मुलगा फुल्क त्याच्या मांडीवर बसून ऐकायचा. त्याला एकच गाणं पुन्हा पुन्हा हवं असायचं. शत्रूने शब्दावर सोडलेला एक सरदार ठरल्या दिवशी आपल्या पायांनी परत जातो आणि मान पुढे करतो.

"पळून का नाही गेला तो?" फुल्क विचारायचा.

"मग देवाला काय तोंड दाखवलं असतं त्याने?"

फुल्क मोठा झाला, रात्रभर चर्चमध्ये जागून तलवार कमरेला बांधून घेतली, सरदारकीची दीक्षा घेऊन सर फुल्क झाला. त्या सकाळी दाराआड उभा राहून गेमेल रडला. आपलं गाणं हाडामांसाचं झालं, असं त्याला वाटलं.

पुढे म्हातारा धनी गेला आणि गढी सर फुल्कची झाली. एका वर्षी ईस्टर उलटल्यावर स्कॉटलंडच्या माणसांनी हॅझलडेनची गुरं पळवली. सर फुल्क पाठलागावर निघाला. लढायला जाताना गाणारा बरोबर हवा, म्हणून गेमेलही खेचरावर बसून गेला. सीमेपलीकडच्या दलदलीत घोडे पोटापर्यंत रुतले आणि गिल्पॅट्रिकच्या लोकांनी त्यांना चारी बाजूंनी घेरलं. बरीच माणसं तिथंच पडली. सर फुल्क, गेमेल आणि आणखी काही जण जिवंत हाती लागले.

गिल्पॅट्रिक हा त्या बाजूचा गढीवाला. ठेंगणा, सतत खोकणारा.

"माझा धाकटा भाऊ अ‍ॅलन तुझ्या तळघरात आहे," तो सर फुल्कला म्हणाला. "तो दे आणि तू सूट."

"देतो."

"असं तोंडी नको. पेंटेकॉस्टचा सण महिन्यावर आहे, त्याच्या आत त्याला घेऊन ये. नाही आणता आलं, तर तू परत ये. तोवर तुझं कोणीतरी इथं राहील."

सर फुल्कने आपल्या माणसांकडे पाहिलं. जो तो जमीन बघत होता.

"मी राहतो, धनी," गेमेल म्हणाला.

गिल्पॅट्रिक हसला. "गाणारा? याला ठेवून मी काय करू? तू आला नाहीस तर तुझं काय जाणार आहे?"

"याने मला मांडीवर वाढवलंय," सर फुल्क म्हणाला. "माझ्या बापाच्या जागी आहे हा."

गिल्पॅट्रिकच्या चर्चमध्ये संत निनियनचं पवित्र मानलेलं एक हाड चांदीच्या डबीत होतं. डबीवर हात ठेवून सर फुल्कने शपथ घेतली. उरलेल्या माणसांना घेऊन निघताना त्याने गेमेलचे दोन्ही खांदे धरले.

"येतोच मी. कोणाच्या गाण्यांवर वाढलोय, तुला माहीत आहे."

 आयुष्यात इतकं सुख गेमेलला कधीच झालं नव्हतं.

पेंटेकॉस्ट आला आणि गेला. नदीला पूर असेल, गेमेल म्हणाला. मग म्हणाला, धनी आजारी असतील. गिल्पॅट्रिकची म्हातारी आई मारियोटा त्याला ओटच्या भाकऱ्या द्यायची आणि ऐकून घ्यायची.

उन्हाळा संपताना इंग्लंडकडून एक फिरता साधू आला. त्याच्याकडून कळलं की अ‍ॅलन केव्हाच गेला होता. तळघरात ताप भरून, थंडीतच. हॅझलडेनच्या गढीच्या भिंतीबाहेर त्याला पुरलं होतं.

"म्हणजे शपथ घेतली तेव्हा तो मेलेला होता," गिल्पॅट्रिक सावकाश म्हणाला. मग गेमेलकडे वळला. "तुझ्या धन्याला हे माहीत होतं?"

तळघराची किल्ली सर फुल्कच्या कमरेला असायची. दुसऱ्या कोणाच्या हातात गेमेलने ती कधी पाहिली नव्हती. 

"आणि स्वतः का नाही आला?" गिल्पॅट्रिकने विचारलं.

साधूने तेही सांगितलं. स्कॉटलंडच्या लोकांना पोपने धर्माबाहेर काढलंय, त्यांच्या चर्चमध्ये घेतलेली शपथ ही शपथच नव्हे, असं हॅझलडेनच्या पाद्री ओडोने जाहीर केलं होतं. सर फुल्कने गुडघे टेकले, पाद्रीने डोक्यावर हात ठेवून त्याला शपथेतून मोकळं केलं.

गिल्पॅट्रिकने दोर मागवला. मारियोटा काठी टेकत मध्ये आली.

"थांब. याला टांगून काय मिळणार तुला? याच्या धन्याने तर याला तेव्हाच टाकलंय."

"आई, तू यात पडू नकोस."

"मुलगा माझा गेलाय. मी नाही पडायचं तर कोणी?" ती गेमेलकडे वळली. "मेलेल्यांची गाणी येतात ना तुला? माझ्या अ‍ॅलनचं कर."

गेमेलने आजवर सरदारांचीच गाणी केली होती. अ‍ॅलनने कोणाला मारलं नव्हतं, काही जिंकलं नव्हतं. तो हंसांना घाबरायचा, घोड्यांशी गप्पा मारायचा, आणि पकडला गेला तो जखमी मित्राला पाठीवर घेऊन पळता न आल्यामुळे. म्हातारी सांगत गेली, गेमेल शब्द जुळवत गेला. गाणं ऐकल्यावर गिल्पॅट्रिकने दोर परत पाठवला आणि गेमेल त्याची मेंढरं राखू लागला. तिथं काही वर्षं गेली. दोन्ही राजांचा तह झाला, तेव्हा गिल्पॅट्रिक म्हणाला, "जा आता. तुझ्याकडून मी कसलाही शब्द मागत नाही."

हॅझलडेनला तो पोचला तो संत मायकलच्या सणाच्या दिवशी, भर दुपारी. फाटकावरचा माणूस नवा होता. त्याने त्याला भिकारी समजून दाराजवळच्या बाकावर बसवलं. पुढ्यात पावाचा तुकडा आणि हंसाची चरबी आली. पलीकडे रेनर नावाचा एक तरुण गायक गात होता.

गाणं सर फुल्कवर रचलेलं होतं. शब्दाला जागून तो एकटाच परत निघाला, पण पाप्यांनी आधीच त्याच्या विश्वासू गेमेलचा गळा कापला होता. गेमेलने मरताना देवाचं नाव घेतलं, मग धन्याचं. वरच्या टेबलाजवळ एमट बसली होती, डोक्याला चांगला रुमाल, डोळे पुसत. आणि सर फुल्कही रडत होता. ते सोंग नव्हतं. ते पाहून गेमेलला जे लागलं, ते गिल्पॅट्रिकचा दोर पाहूनही लागलं नव्हतं.

तो उठून पुढे गेला. आधी एमटने ओळखलं. तिच्या हातातला पेला खाली पडला.

"धनी," गेमेल म्हणाला, "त्या डबीवर हात ठेवलात तेव्हा अ‍ॅलन मेलाय हे माहीत होतं तुम्हाला?"

सर फुल्कचा चेहरा पांढरा पडला. मग तो घाईने खाली आला, त्याने गेमेलला मिठी मारली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "देवाने माझा माणूस परत पाठवला." पाद्री ओडोने हात वर केले. चमत्कार झाला म्हणत सगळं दालन गुडघ्यावर आलं.

"पाद्रींनी मला मोकळं केलंय, गेमेल," सर फुल्क त्याच्या कानात म्हणाला.

"मी नाही केलं."

"काय हवं ते माग."

गेमेलने रेनरच्या हातून हार्प घेतला आणि अ‍ॅलनचं गाणं गायलं. नावासकट, तळघरासकट. मेंढरं राखून बोटं जड झाली होती, सूर चुकत होते. लोक आधी गोंधळले, मग एकमेकांकडे पाहू लागले. चाकरांपैकी एकाने हळूच टोपी काढली. भिंतीबाहेर कोण पुरलंय हे त्याला माहीत असावं. गाणं संपायच्या आत पाद्रीने घंटा वाजवून प्रार्थना सुरू केली.

संध्याकाळी एमट त्याला म्हणाली, "मी तुझ्यासाठी चर्चमध्ये मेणबत्त्या लावल्या. त्या धन्याने त्यासाठी मेण दिलं. मी त्याला रोज दुवा दिला."

"तुला काय ठाऊक होतं?"

"तेच तर. मला कोणी ठाऊक होऊ दिलं नाही."  तिने डोक्याचा रुमाल सोडला, घडी करून बाकावर ठेवला. "गढीचं काही बरोबर घेऊ नकोस."

ती दोघं डरहॅम शहराकडे गेली. गेमेल बापाच्या धंद्याला लागला, कातडी कमावू लागला. बाजारात कधीमधी कोणी सर फुल्कचं गाणं गायचं. आता त्यात चमत्काराचं कडवंही आलं होतं. लोक टोप्या काढून ऐकायचे. गेमेल तिथं थांबायचा नाही. एमट मात्र एकदा थांबली, शेवटपर्यंत ऐकलं, आणि गाणाऱ्याला म्हणाली, "तो माणूस माझ्या घरी आहे. गळा शाबूत आहे त्याचा. येऊन बघ."

गाणारा हसला आणि पुढच्या कडव्याकडे वळला.