गव्हाच्या कोठीतली वंशावळ

सुरक्षेच्या बाबतीत मी अत्यंत काटेकोर माणूस आहे, आणि आमच्या घरात जे झालं ते केवळ त्यामुळेच झालं.

आमचा कम्प्युटर जुना. मुलगी बारावीत असताना घेतलेला. आता तिची मुलगी शाळेत जाते. चालू केल्यावर चहा होईपर्यंत पडद्यावर नुसतं एक चक्र फिरायचं. (चहा हे आमच्याकडे वेळेचं माप आहे. एखादी फाइल उघडायला 'दीड चहा' लागायचा.) तरी तो बंद पडू नये म्हणून सगळं घर देव पाण्यात घालून बसलेलं, कारण त्यात बापूंची वंशावळ होती.

बापू म्हणजे माझे वडील. वय अठ्ठ्याहत्तर, निवृत्त पोस्टमन. नोकरीत असताना लोकांच्या घरी पत्रं पोहोचवली, निवृत्त झाल्यावर लोकांच्या घरी जाऊन त्यांचे पणजोबा विचारायला लागले. तीन वर्षं एसटीनं रोहिणखेडपासून लोणारपर्यंत फिरून त्यांनी आमच्या घराण्याच्या सात पिढ्या जमवल्या आणि एका बोटानं टाइप केल्या. त्यातही लेकी-सुनांच्या नावांसकट. "बाया काय आभायातून पडल्या होत्या का?" असं ते कुणी न विचारताच सांगायचे. ज्यांना विचारून नावं मिळवली त्यातली चार-पाच म्हातारी माणसं आता राहिली नाहीत. संक्रांतीला सगळे भाऊबंद मोताळ्याला आमच्याकडे जमणार होते आणि तिथे या वंशावळीचं पुस्तक वाटायचं होतं. बापूंची तेवढी एकच इच्छा उरली होती, असं ते दर दोन दिवसांनी म्हणत.

अशात एके सकाळी पडद्यावर सूचना आली, की या सिस्टीमला यापुढे सुरक्षेचे अपडेट मिळणार नाहीत.

"म्हणजे आता कोणताही चोर यात घुसू शकतो!" मी घरात जाहीर केलं.

"घुसू द्या," माझी बायको सुनंदा भाजी निवडत म्हणाली. "उघडायले दीड चहा लागतो. कटायून निघून जाईन तो."

पण मी शाळेत भूगोल शिकवणारा माणूस. धोक्याचा इशारा मला बरोबर कळतो. मी तडक बस स्टँडजवळच्या सलीमभाईंच्या दुकानात गेलो. मोताळ्यातले निम्मे कम्प्युटर सलीमभाईंच्या भरवशावर जिवंत आहेत.

"मास्तर, मशीन इथं घेऊन या. मी टाकून देतो नवी सिस्टीम," ते म्हणाले.

"नाही नाही, मी स्वतः टाकतो."

सलीमभाईंनी नवी सिस्टीम एका पेनड्राइव्हमध्ये भरून दिली आणि बजावलं, "दोन रस्ते येतीन. एक, जुनं ठेवून वरून टाका. दुसरा, सगळं पुसून टाका. तुमी पयला घ्या. आन् बापूंच्या फाइलची कॉपी आधी काढा. काढसान ना?"

"सलीमभाई, मी काय लहान आहे का?"

"लहान असते तं सांगायची गरज नसती पडली," ते म्हणाले.

घरी येऊन मी दुसरा, कोरा पेनड्राइव्ह लावला. पडद्यावर 'वंशावळ' असं लिहिलेलं चित्र होतं. ते उचलून त्यात टाकलं. क्षणात कॉपी झाली! तीन वर्षांचं काम पापणी लवायच्या आत! (इथे कुणाही शहाण्या माणसाला शंका आली असती. मला अभिमान वाटला.)

आता प्रश्न, की हा पेनड्राइव्ह ठेवायचा कुठे? आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या मौल्यवान वस्तू ठेवायची जागा एकच, गव्हाची कोठी. सुनंदा लग्नाला गावी जाताना पाटल्या गव्हात पुरून जाते, माझी आईही पुरायची. चोराला दोन क्विंटल गहू उपसायला वेळ नसतो, हे त्यामागचं शास्त्र. मी कोपरापर्यंत हात घालून पेनड्राइव्ह गव्हात पुरला आणि कुणालाही सांगितलं नाही. सुरक्षेचा पहिला नियमच तो!

मग कामाला लागलो. सलीमभाईंनी सांगितलेले दोन रस्ते पडद्यावर आले. मी विचार केला, जुनं ठेवायचं म्हणजे जुने व्हायरसही ठेवायचे. भिंतीला रंग देताना आपण पोपडे खरवडतोच की! 'सगळं पुसा' दाबलं. 'नक्की?' असं त्यानं विचारलं. मी 'नक्की' दाबलं. त्यानं पुन्हा विचारलं. मला राग आला. सलीमभाई काय, कम्प्युटर काय, सगळे आपले मला बावळट समजणारे!

दुपारपर्यंत कम्प्युटर नवरदेवासारखा झाला. पाव चहात चालू! चौदा अक्षरांचा पासवर्ड! बापू खुर्ची ओढून बसले. "वा लेका! आता माही फाइल दाखव."

"एका मिनिटात आणतो," म्हणून मी कोठीपाशी गेलो, झाकण उघडलं आणि आत डोकावलो. तळ दिसत होता.

"सुनंदा! गहू कुठे आहेत?"

"दिवाळीचं दयन नाई का? तुमी त्या मशीनीत डोकं घालून बसले होते तवा माहेरी आलेल्या पोरीनं अन् मी उरलेले चार डबे भरून चक्कीवर पाठोले. काऊन?"

"अगं, वंशावळ होती त्यात!"

सुनंदानं माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

मी चपला न घालता चक्कीवर धावलो. मागून बापू, "अरे झालं काय?" असं विचारत काठी टेकत निघालेले. चक्कीवाले गजाननभाऊ डोक्यापासून पायापर्यंत पांढरे होऊन उभे होते.

"भाऊ, आमचे गहू दळले?"

"दयले ना. मऊसूत."

मी तिथल्याच एका डब्यावर बसलो. (तो ज्वारीचा होता आणि त्याला झाकण नव्हतं.)

"काही सापडलं का हो त्यात?"

गजाननभाऊंनी फळीवरून एक डबा काढला. त्यात तीन जोडवी, नाकातली एक मुरणी, दोन चाव्या आणि माझा पेनड्राइव्ह होता. "वरच्या जाळीत अडकते सगळं. मास्तर, या गावाची तिजोरी माह्या चक्कीतूनच जाते."

मी गजाननभाऊंना मिठी मारली. परतीची वाट मीही पांढरा होऊनच चाललो, पण ताठ मानेनं. पेनड्राइव्ह फुंकून लावला. 'वंशावळ' दिसलं. मी ऐटीत दाबलं. पडद्यावर उमटलं, की मूळ फाइल सापडत नाही.

सलीमभाईंना बोलावलं. त्यांनी पेनड्राइव्ह पाहिला, मग मला पाहिलं. "मास्तर, ही फाइल नाई. हा फाइलकडे जायचा रस्ता हाय. तुमी पाटी उचलून आणली, गाव तिथंच राह्यलं."

"आणि गाव?"

"गाव तुमी पुसलं ना."

सलीमभाईंनी कम्प्युटर दुकानात नेऊन दोन दिवस खटपट केली. पुसलेल्यातून परत काय आलं, तर माझे बदलीचे सगळे नामंजूर अर्ज. एकूण एक!

बापू जेवायचे, काठी घेऊन ओट्यावर जाऊन बसायचे. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिसऱ्या दिवशी मी त्यांच्यासमोर अक्षरशः रडलो. पंचावन्न वर्षांचा घोडा मी! "बापू, चुकलं माझं."

"रडू नको बे," ते म्हणाले. "एकेका घरची नावं टाइप झाली का मी त्यायचं पान छापून त्यायले देऊन येत होतो. चुकलंमाकलं पाहाले. पानं गावोगाव पडेल हायेत. जाय, जमा करून आण."

आणि मी निघालो. दर सुट्टीला एसटी. पण माझ्या आधी बातमी पोहोचलेली असायची. रोहिणखेडला सरूआत्यानं दारातच विचारलं, "काऊन रे, तूच का तो, ज्यानं आमाले पुसलं?" पान तिनं कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं होतं. मी हात पुढे केला तशी किंचाळली, "हात नको लावू! तिथूनच फोटो काढ!" एका घरी पान पापडाच्या डब्यात तळाशी होतं, तेलानं आरपार दिसत होतं, पण नावं शाबूत. लोणारच्या चुलतभावानं पान दाखवायच्या आधी घरातल्या सगळ्यांना बोलावून मी कोण ते सांगितलं. चहा मात्र सगळीकडे मिळाला.

महिनाभरात सगळी पानं जमली. मी टाइप करायला बसलो, बापू शेजारी बसून सांगायला. शेवटी आमच्या घराची पाळी आली.

"लिही," बापू म्हणाले. "नाव तुहं. जन्म मोताळा. शिक्षण बी.ए., बी.एड. यानं एका सकायी सात पिढ्या पुसल्या."

"बापू! हे छापायचं?"

"हाव तं. सुरक्षेसाठी! पुढच्यायले मालूम पाह्यजे ना, का जपाचं कोणापासून."

मी मुकाट्यानं टाइप केलं आणि 'सेव्ह' दाबायला बोट पुढे नेलं. बापूंनी माझा हात धरून बाजूला ठेवला आणि आत हाक मारली, "सुनबाई, जरा ये वं इकडे. एक बटन दाबाचं हाय."