तिचा हात, माझा हात

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काय केलं, तर दोराला गाठी मारल्या.

लातूर नवा जिल्हा झाला होता आणि त्यातच दुष्काळ. गावच्या विहिरीची परीक्षा घ्यायला साहेब आलते. दिवसभर इंजिन लावून पाणी उपसायचं, संध्याकाळी बंद करायचं, अन् सकाळपर्यंत किती चढतंय ते बघायचं. सहा फूट चढलं तर विहीर पास, गावाला नळ. न्हाईतर टँकरच्या मागं पळा. साहेबाची टेप तुटलेली. म्हणाले, दोर सोडून हात मोजा, एक हात म्हणजे दीड फूट.

विहिरीवर मी राखणीला होतो. मी दोर ताणून धरला, बायकोनं कोपरापासून बोटापर्यंत मोजून हातागणिक गाठ मारली. सगळं झाल्यावर मी माझा हात लावून बघितला. गाठ माझ्या बोटांच्या लई अलीकडं.

"अगं, तुझा हात आखूड हाय. सोड सगळ्या गाठी."

"आखूड हाय तेच बरं, अवं. तेवढ्याच पाण्यात गाठी जास्त भरतील, विहीर पास होईल."

"लबाडी व्हय ती!"

"आठ दिस हंडा डोक्यावर घ्या, मग मला खरंखोटं शिकवा."

हसत घरी गेली. मी रागानं बोललोच न्हाई. दुपारी निरोप आला. छाती धरून बसली ती उठलीच न्हाई म्हणे.

दिवस मावळायच्या आत तिला माती दिली. लोक हाताला धरून नेतील तिकडं मी जात होतो. विहिरीवरून कुणीतरी सांगत आला, इंजिन बंद केलं, पाणी काठापासून पंधरा गाठींवर हाय. मला वाटलं, हे हिला सांगावं. सांगायला घरात गेलो अन् उंबऱ्यातच उभा राहिलो.

सकाळी उठून विहिरीवर कसा आलो, ठाऊक न्हाई. दोर सोडला. अकरा गाठी. परत सोडला. अकराच. चार हात, साहेबाच्या हिशोबानं सहा फूट, चढलं होतं, पण हात तिचे. सहा फुटाला ते कमीच भरणार. हंडे घेऊन बाया कडेला उभ्या होत्या.

साहेबानं वही उघडली. दोराकडं बघत राहिले.

"मामा, हात कुणाचा धरला?"

खरं बोलायला तोंड उघडलं होतं मी. आजवर न्हाई कळलं, मधेच काय झालं. गाठ मुठीत धरली अन् म्हणलं,

"माझाच."