तीनपर्यंतचे मास्तर

गणिताचे निवृत्त मास्तर, पण तीनच्या पुढचा आकडा त्यांनी कुठे लिहिलेला आमच्या वाडीत कोणी पाहिला नाही. धामापूरच्या बाजूला आमची वाडी. मास्तर चुन्याची बादली आणि कुंचा घेऊन फिरायचे आणि दोन घरांमधल्या प्रत्येक पायवाटेच्या दगडावर एक, दोन किंवा तीन पट्टे मारायचे. प्रत्येक घराने आपल्या खळ्यात, म्हणजे अंगणात, येणाऱ्या वाटांचे पट्टे मिळवायचे, आणि वाटेने जोडलेल्या दोन घरांची बेरीज सारखी येता कामा नये, एवढाच नियम. "तीनाच्या वर लागणा नाय. मोठमोठ्यांनी डोकी फोडून घेतली ह्याच्यार," असं ते सांगत, जणू त्यांतलं एक डोकं त्यांचंच.

कोणी कुंपण घालून वाट बंद केली की बेरजा बिघडायच्या आणि मास्तर बादलीसकट हजर. एकदा शेजारची माई त्यांच्या अंगावर धावून गेली. "मास्तरानू, माजे सात होते, पाच कशे झाले? आणि त्या शेजारणीचे आठ?"

"माई, मोठो आकडो नको, वेगळो होयो."

माईने त्याच संध्याकाळी आवाराच्या दगडी गडग्याला भगदाड पाडून नवी वाट काढली.

मी नववीत गणितात नापास होऊन शाळा सोडलेली. मामेभावाने होसूरच्या कारखान्यात काम बघून ठेवलं होतं, वायरींना नंबर लावायचं. 'नंबर' ऐकूनच मी जात नाही म्हणून बसले होते. त्यातच वहाळाला पूर आला आणि तो ओलांडायचा लाकडी साकव वाहून गेला. वहाळाच्या आमच्या अंगाला उरली दोनच घरं, आमचं आणि काकांचं, आणि मध्ये एकच वाट. आम्ही डांबरी रस्त्याने फिरून वाडीत जायचो, पण तो मास्तरांच्या हिशेबात नव्हता. "ती सरकारची वाट!"

तीन दिवस ते गुडघाभर पाण्यातून येत राहिले. एक पट्टा मारला, दोन्ही घरांची बेरीज एक-एक. पुसून दोन मारले, दोन-दोन. तिसऱ्या दिवशी भांडी घासता घासता माझ्या तोंडून निघून गेलं, "मास्तरानू, मरांदे! वाट तीच एक. जो आकडो आमका, तोच काकांक. शंभर घाला, तरी होवचा नाय."

मास्तरांनी कुंचा बादलीत टाकला. "परत सांग."

शाळेत 'परत सांग' म्हणजे छडी. मी कापत कापत परत सांगितलं.

"बाय, ह्याका सिद्धता म्हणतत. आणि ही तुया केलंस."

एवढी साधी गोष्ट त्यांना तीन दिवस कळली नव्हती, यावर आज माझा विश्वास बसत नाही.

शेवटी मी होसूरला निघाले तेव्हा ते स्टँडवर आले होते. गाडी सुटताना खिडकीशी येऊन म्हणाले, "थंय इचारतले किती शिकलंस. नववी नापास म्हणान सांग, खोटा बोलू नको. मगे सांग, पण एक सिद्धता केलंय."

होसूरच्या साहेबांनी तेच विचारलं. मी दोन्ही सांगितलं. दुसरं त्यांना काही समजलं नाही, पण ते सांगताना माझा आवाज कापला नाही.