दुसरा गियर

काल सकाळी धुक्यात पुढच्या टेम्पोचा क्लच जळल्याचा वास आला आणि मला बाबांची जुनी फोर-व्हील-ड्राइव्ह जीप आठवली.

मी तेव्हा कॉलेजात होते. दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरहून आम्ही फरीदाबादला आत्याकडे निघालो होतो. चिखलात कुठेही चढणाऱ्या त्या जीपचं थंडीत मात्र गियरबॉक्सचं तेल घट्ट व्हायचं आणि दुसरा गियर पडायचाच नाही. त्या सकाळीही धुक्यामुळे बॉनेटच्या पुढचं काही दिसत नव्हतं. गाडी पहिल्याच गियरमध्ये कण्हत चालली होती.

"बाबा, असे कधी पोचणार आपण?" मी वैतागून म्हणाले.

"तेल गरम होऊ दे गं. जबरदस्ती केली तर दाते तुटतील."

तेवढ्यात एक पांढरी गाडी आम्हाला ओलांडून गेली. मागच्या सीटवरच्या बाईने काचेवरची वाफ हाताने पुसली आणि माझ्याकडे बघून हसली. मग ती गाडी धुक्यात दिसेनाशी झाली. थोड्याच वेळात पुढून काहीतरी आदळल्याचा आवाज आला. मग आणखी एक, मग आणखी.

बाबांनी जीप रस्त्याखाली उतरवली, इंजिन चालूच ठेवलं आणि मला शेतात नेऊन उभं केलं. "इथून हलायचं नाही," म्हणाले, आणि आवाजाच्या दिशेने पळाले.

बऱ्याच वेळाने परतले तेव्हा त्यांच्या अंगात स्वेटर नव्हता.

"ती पांढरी गाडी?" मी विचारलं.

बाबांनी मला जीपमध्ये बसवलं. त्यांनी जीप रस्त्यावर घेतली, गियरचा दांडा ढकलला. दुसरा गियर अलगद पडला.

बाबा आता नाहीत. त्या सकाळी त्यांनी तो स्वेटर कुणावर पांघरला, हे विचारायचा धीर मला कधीच झाला नाही.