किल्ली कंपनीच्या खिशात

सगळ्या कोपरगावात तुमच्या आजोबांच्या धाकट्या भावाइतका घाबरट माणूस सापडायचा नाही. साखर कारखान्यात फिटर म्हणून जन्म गेला, उकळत्या रसावर वाकताना कधी हात थरथरला नाही. पण भाऊजी व्हिडिओच्या फॉरमॅटला भितात. फॉरमॅट म्हणजे व्हिडिओ साठवण्याची पद्धत. काही पद्धती खुल्या, त्यांचा प्लेअर कोणीही बनवावा. काही एकाच कंपनीच्या, तिच्याच प्रोग्रॅममध्ये उघडणाऱ्या. "वहिनी, धान्य आपलं, कनगी आपली, अन् किल्ली कंपनीच्या खिशात. कंपनीच उठून गेली तर?" असं विचारून ते स्वतःच दचकतात. लग्नाला गेले की आधी शूटिंगवाल्याला गाठतात, आणि फॉरमॅट खुला आहे हे कळेपर्यंत पंगतीला बसत नाहीत. पुतणीच्या लग्नात शूटिंगवालाच जेवून परस्पर निघून गेला, तर हे मांडवात उपाशी. घरचा जुना संगणक त्यांनी इंटरनेटला जोडलेला नाही. वर टॉवेल टाकून ठेवतात, जणू जुने प्रोग्रॅम पुसणाऱ्या अपडेटच्या नजरेस तो पडू नये.

मी हसत असे. मग परवा आजोबांचा व्हिडिओ बघायला ती वेबसाइट उघडली. तुमच्या बाबाने तो फार वर्षांपूर्वी तिथे ठेवला होता. आजोबांचा आवाज आपल्याकडे तेवढाच. चित्राच्या जागी करडा चौकोन, आणि त्यात लिहिलेलं की हा प्लेअर आता चालत नाही. तशीच भाऊजींकडे गेले.

त्यांनी ती फाईल तेव्हाच सायबर कॅफेत जाऊन उतरवून घेतली होती, पण उघडून बघायची छाती झाली नव्हती. टॉवेल त्यांनी दोनदा उचलून परत टाकला, तिसऱ्यांदा काढला. पडद्यावर आजोबा आले, अंगणात उसाचं कांडं सोलत. आपल्याकडे बघून काहीतरी सांगू लागले. ओठ हलले, आवाज नाही.

"आवाज येगळ्या फॉरमॅटात हाय, वहिनी, त्याचं कुलूप येगळं," भाऊजी हळूच म्हणाले. "त्याची किल्ली न्हाई माझ्याकडं."

बराच वेळ आम्ही दोघं ते हलणारे ओठ बघत राहिलो. मग त्यांनी खुर्ची ओढली, मोबाईल डब्याला टेकवून उभा केला. "आता तुमी बोला. पोरांसाठी. खुल्या फॉरमॅटात करून देतो."

मी केस सारखे केले, चष्मा पुसला आणि बोलले. ती फाईल सोबत पाठवते आहे. उघडली, आणि आवाज आला, तर लगेच कळवा, बाळांनो. भाऊजींनी ताट झाकून ठेवलं आहे.