मुद्दाम ढ ठेवलेला रोबो

"मॅडम, तुमच्या या मशीनला जरा दम खायला सांगा. माझी पाळीच येऊ देत नाही ते."

गमरेकाका हसत होते आणि मला घाम फुटला होता. आमच्या सेंटरमधल्या टेबलावर कॅरम मांडला होता. एका बाजूला काका. समोर माझ्या नवऱ्याने आणि त्याच्या मित्रांनी प्लास्टिकच्या ठोकळ्यांचा उभा केलेला रोबो. रोबो बोर्डाच्या कडेने सरकायचा, सोंगटी कुठे आहे ते सेन्सरने बघायचा, जरासा वळायचा आणि स्ट्रायकर मारायचा. सोंगटी पॉकेटमध्ये. परत सरकायचा, परत सोंगटी आत. मागे उभी असलेली मंडळी एकमेकांना टाळ्या देत होती. काकाही डाव्या हाताने टेबलावर थाप मारून दाद देत होते. त्यांचा उजवा हात मात्र मूठ वळून मांडीवर पडला होता. आणि हा सगळा खटाटोप त्याच हातासाठी होता.

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. मिरा रोडच्या एका रिहॅब सेंटरमध्ये काम करते. आम्हाला आणि फिजिओथेरपिस्टना लोक नेहमी एकाच माळेत ओवतात, म्हणून सोपं करून सांगते. ते माणसाला चालतं करतात. आम्ही त्याला शर्टाची बटणं लावायला, भात कालवायला, स्वतःची दाढी करायला परत शिकवतो. 

गमरेकाका सरकारी छापखान्यात बायंडिंग खात्यात होते. मूळ रत्नागिरीकडचे, आयुष्य परळच्या चाळीत गेलं, निवृत्तीनंतर भाईंदरच्या गोडदेवला मुलाच्या फ्लॅटमध्ये राहायला आले. वर्षभरात स्ट्रोक आला आणि उजवी बाजू गेली. पाय चांगला सुधारला. हात हटून बसला. स्ट्रोकनंतर बहुतेकांचं असं होतं की मूठ वळते, पण उघडत नाही. बोट सरळ करणं ही सगळ्यात शेवटी येणारी गोष्ट. काकांची तर्जनी अगदी थोडी हलायला लागली होती. ती हलती ठेवणं गरजेचं होतं, कारण डाव्या हाताने सगळं भागायला लागलं की मेंदू उजव्याला विसरूनच जातो. आमच्या भाषेत त्याला लर्न्ड नॉन-यूज म्हणतात. मराठीत सांगायचं तर हात घरात असतो, पण त्याला कोणी हाक मारत नाही.

मी मातीचे गोळे दिले, खुंट्या दिल्या, कपड्याचे चिमटे दिले. काकांनी सगळं नम्रपणे बाजूला सारलं.

"मॅडम, माझी नात बालवाडीत हेच करते. तिला स्टार मिळतो. मला काय मिळणार?"

आमच्या हेड डॉ. सबनीस स्वभावाने प्रेमळ आहेत, पण वेळेच्या पक्क्या. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"स्वाती, महिनाअखेर गमऱ्यांचा रिव्ह्यू आहे. हात आहे तिथेच असेल तर हाताचे सेशन बंद करूया. तो वेळ पायाला देऊ."

"मॅडम, बोट हलतंय."

"हलतंय, पण ते हलवतायत का?"

बंद म्हणजे त्या हाताला कायमची सुट्टी, हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं.

वाट काकूंनी दाखवली. काकांना घ्यायला आल्या होत्या, चपला घालता घालता सहज बोलल्या, "अहो, हे कॅरमचे वेडे होते. चाळीत ह्यांच्याशी खेळायला लोक लालबागहून यायचे. याच बोटाने."

मला टाळी वाजवावीशी वाटली. स्ट्रायकर मारायचा म्हणजे वळलेलं बोट झटक्यात सरळ करायचं. मला नेमकं तेच हवं होतं! मी दुसऱ्याच दिवशी कॅरम आणला. काकांनी बोर्डावरून डावा हात मायेने फिरवला आणि मान हलवली.

"माणसांसमोर नको. ज्यांना हरवलं त्यांच्या बरोबरीचे लोक माझे हाल बघणार. नको मॅडम."

माणसांसमोर नको, तर मग कोणासमोर? तेव्हा मला माझा नवरा आठवला.

सुहास विमा कंपनीत नोकरी करतो आणि उरलेल्या वेळात खेळतो. हे मी कौतुकाने सांगत नाहीये. आमच्या बेडरूममध्ये कपाटाचे चार खण ठोकळ्यांचे आहेत, साड्यांचे दोन. हे ठोकळे म्हणजे एकमेकांत टचकन बसणारे प्लास्टिकचे तुकडे. त्यांच्यासोबत मोटारी मिळतात, सेन्सर मिळतात आणि छोटासा कॉम्प्युटर असलेला एक डबा मिळतो. लॅपटॉपवर प्रोग्रॅम लिहायचा, डब्यात टाकायचा, की तुम्ही बांधलेली वस्तू चालायला लागते. मुलांसाठी काढलेली गोष्ट. पण भाईंदरमध्ये चाळिशी-पन्नाशीतले सात-आठ जण तिच्या नादी लागलेत. दर रविवारी एका सोसायटीच्या हॉलमध्ये जमतात. त्यांचे कडक नियम आहेत. गोंद लावायचा नाही, ठोकळा कापायचा नाही, बाहेरची वस्तू जोडायची नाही. आणि मशीन बांधून झालं की बाकीच्यांनी ते बंद पाडायचा प्रयत्न करायचा. बंद पडलं नाही तरच ते पास. लग्नाच्या मुलीला बघायला गेल्यासारखे गंभीर चेहरे करून बसतात सगळे.

त्यांच्यातला खरा कारागीर रोनाल्ड. किनाऱ्यावरच्या चौक गावचा, बोटींची इंजिनं दुरुस्त करतो. दिवसभर हात ग्रीसमध्ये आणि रविवारी तेच हात नखाएवढे गिअर लावतात.

मी त्यांना गरज सांगितली. काकांना कॅरममध्ये जोडीदार हवा, पण माणूस नको. पूर्ण डाव नको, समोर ठराविक जागी सोंगट्या ठेवू, एकाचं हुकलं की दुसऱ्याने मारायचं. बस. मंडळी इतकी खूश झाली की मला संशय यायला हवा होता. दोन रविवार त्यांनी घरचं जेवण घेतलं नाही. रबर बँड ताणून सोडणारी दांडी रोनाल्डने केली, नेम धरायचा प्रोग्रॅम सुहासने. आणि मग ते मशीन त्यांनी सेंटरमध्ये आणलं, आणि त्याने काकांची पाळीच येऊ दिली नाही.

काका घरी जाताना म्हणाले, "झकास बनवलंय. पुढच्या वेळी नातीला पण आणतो बघायला."

बघायला! मला प्रेक्षक नको होता. सगळे गेल्यावर मी रोबोवाल्या तिघा-चौघांना धारेवर धरलं.

"हा चुकला पाहिजे."

सुहासने चष्मा काढून पुसला. "म्हणजे काय? दोन आठवडे आम्ही तो चुकू नये म्हणून मरतोय."

"हो ना! तेच चुकलं तुमचं."

रोनाल्ड तर दुखावलाच. "बाय, मशीन चुकाला पायजे असं कोन सांगतं का? इंजीन चुकलं तर मानूस दर्यान ऱ्हातो."

"रोनाल्ड, इथे मशीन चुकलं नाही तर माणूस तसाच राहतो."

शेवटी नाइलाजाने सुहासने प्रोग्रॅममध्ये बदल केला. अधूनमधून नेम वाकडा करायचा. त्याने ती ओळ लिहिताना जो चेहरा केला होता, तो मी आमच्या लग्नातसुद्धा पाहिला नव्हता.

पुढच्या सेशनला काका बसले. रोबोने दोन सोंगट्या घातल्या, तिसरी हुकवली. काकांनी डोळे बारीक केले आणि परत त्यालाच मारू दिलं. चौथी घातली, पाचवी हुकवली. काका खुर्चीत मागे रेलले.

"हा मुद्दाम हरतोय."

"नाही हो काका, मशीन आहे ते."

"मॅडम, मला कॅरम शिकवू नका. बरोबर जागेवर थांबतोय, बरोबर वळतोय, आणि मारायच्या वेळी भलतीकडे. आम्ही चाळीच्या मालकाच्या पोराशी असंच खेळायचो. भाडं थकलेलं असायचं ना!" ते हसले नाहीत. "माझ्यावर दया नको. त्यापेक्षा मातीचे गोळे बरे."

त्यांनी खरंच मातीचा गोळा उचलला. डाव्या हाताने. मला स्वतःचाच राग आला. काकांचा हात दुखावू नये म्हणून मी जपत होते, आणि दुखावलं भलतंच. रिव्ह्यूला थोडेच दिवस उरले होते.

रविवारी मी स्वतःच हॉलवर गेले. मंडळी तोंडं पाडून बसली होती. एकाने नेम हुकवण्याचं प्रमाण बदलू म्हटलं, दुसऱ्याने कॅमेरा लावू म्हटलं. रोनाल्ड एक गिअर बोटात फिरवत होता. तो म्हणाला, "मी पयल्यांदा इंजीन खोललं तवा खरोखरच चुकलो. मुद्दाम चुकाची गरजच न्हाय पडली."

सुहासने मान वर केली. "म्हणजे याला काही येतच नाही असं करायचं?"

"येत न्हाय तर शिकंल ना."

"शिकवणार कोण?" सुहास म्हणाला, आणि मग सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण मी हसत सुटले होते.

सेन्सर काढून टाकला. नेमाचं सगळं गणित पुसलं. आता रोबो अंदाजाने कुठेही मारणार, आणि त्याला दोनच गोष्टी कळणार. एक बटण दाबलं की तो पुढच्या वेळी थोडा डावीकडे मारेल, दुसरं दाबलं की थोडा उजवीकडे. सांगितलेलं लक्षात ठेवेल. बटणं मोठी आणि रुंद केली, आणि ती कुठे ठेवायची हे मात्र मी ठरवलं. काकांच्या उजव्या हाताखाली. दाबायची तर मुठीतून बोट बाहेर काढायलाच हवं.

"काका, हा आता नवशिका आहे," मी म्हटलं. "याला काही म्हणजे काहीच येत नाही. तुम्ही शिकवायचं."

"सोंग करतोय?"

"बघा तुम्हीच."

रोबोने मारलं. स्ट्रायकर सोंगटीच्या आसपाससुद्धा गेला नाही, उलट्या कोपऱ्यात जाऊन पडला. काका थोडं पुढे झुकले. परत मारलं, परत तेच.

"अरे, हा खरंच बैल आहे!" काका आनंदाने ओरडले.

डावा हात बटणाकडे गेला. मी तो हळूच धरून ठेवला. "उजव्याने, सर. मास्तर उजव्याने शिकवतात."

त्यांनी मला एक अस्सल चाळीतली शिवी दिली असती, पण काकू शेजारी होत्या. मग त्यांनी मुठीकडे बघितलं. बोट थरथरलं, थांबलं, परत थरथरलं आणि बटणावर आलं. टक. रोबो किंचित डावीकडे सरकून मारू लागला. काकांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी या नोकरीत क्वचितच पाहते. त्यांच्या उजव्या हाताने कितीतरी महिन्यांनी कोणालातरी हुकूम दिला होता, आणि तो कोणीतरी ऐकला होता.

त्यानंतर काका वेळेआधी यायला लागले. शिकवणं शिव्यांसकट चालायचं. "अरे, जोर कमी कर, सोंगटी आहे, दगड नाही." "पॉकेट तिकडे आहे, तू कुठे चाललायस, वसईला?" प्रत्येक ओरडण्यामागे बटणावर एक टक. मी फक्त बाजूला बसून मोजमापं घेत होते आणि तोंड बंद ठेवत होते. माझ्यासारखीला हे दुसरं काम फार जड जातं.

रिव्ह्यूच्या दिवशी डॉ. सबनीस दारात उभ्या राहून बघत होत्या. काका बुजू नयेत म्हणून आत येऊ नका, असं मीच त्यांना सांगितलं होतं. रोबो सांभाळायला सुहास आणि रोनाल्ड आले होते. रोबो आता बरेचदा सोंगटीला लागायचा, पण पॉकेटच्या तोंडाशी ठेवलेली सोपी सोंगटी काही त्याला जमेना. काकांनी बटण दाबलं. हुकलं. परत दाबलं. परत हुकलं.

"हट! बाजूला हो," काका म्हणाले. त्यांनी डाव्या हाताने रोबोला ढकललं, स्ट्रायकर पुढ्यात ओढला आणि उजवी तर्जनी अंगठ्याला अडकवली. "हे बघ. असं मारायचं असतं."

बोट सुटलं. स्ट्रायकर जेमतेम वीतभर गेला, पण सोंगटीला लागला. सोंगटी पॉकेटच्या काठावर क्षणभर डुगडुगली आणि आत पडली.

काका स्वतःच्या बोटाकडे बघत राहिले. मग काकू "अहो!" एवढंच म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावून रडायला लागल्या. सुहासने रोनाल्डला मिठी मारली. मी मोजपट्टी हातात धरून उभी होते आणि मला पट्टीवरचे आकडे दिसत नव्हते. काका मात्र रोबोकडे वळून म्हणाले, "कळलं का?"

डॉ. सबनीस आत आल्या. "स्वाती, सेशन चालू ठेव," त्या म्हणाल्या, "आणि रिपोर्टमध्ये शिव्या लिहू नकोस."

आता काकांचा हात पूर्वीसारखा झालेला नाही, तसा होणारही नाही बहुधा. पण तो आता घरातल्या सगळ्या कामांत असतो, काकू सांगतात की टीव्हीचा रिमोट तर कोणाला मिळतच नाही. परवा एक नव्या पेशंटबाई आल्या, त्यांचीही तीच तऱ्हा. मी सुहासला म्हटलं, रोबोचं शिकलेलं पुसून टाक, परत ढ कर. काका तिथेच बसले होते. ते ताडकन उठून म्हणाले, "पुसायचं नाही! मी शिकवलंय त्याला." शेवटी सुहासने काकांच्या रोबोचं शिक्षण काकांच्या नावाने जपून ठेवलं आणि बाईंसाठी कोरा रोबो सुरू केला.

या नोकरीत एवढं शिकले. हुशार लोकांकडून एखादी वस्तू चांगली करून घ्यायला फारसं काही लागत नाही. पण पेशंटच्या कामाची होईल इतकीच ती वाईट करून घ्यायची असेल, तर त्यांच्या मागे लागावं लागतं. आणि त्यांतला एक घरातलाच असेल तर आठवडाभर अबोलाही सोसावा लागतो.