अंगठ्याने मोजलेली हवा

शर्यतीचा सराव घेणारे सर काही न विचारता सायकलीच्या मागच्या चाकाशी बसले. व्हॉल्वची टोपी काढून त्यांनी नखाने पिन दाबली आणि फुस्स करून बरीचशी हवा सोडून दिली. अंगठ्याने टायर दाबून पाहिला, पुढच्या चाकाचंही तेच केलं आणि उठता उठता म्हणाले, "एवढीच ठेवायची."

सायकल दहा वर्षांच्या भिंगरीची. पाच आठवड्यांनी ती मुलांच्या शर्यतीत पहिल्यांदा उतरणार होती. ही शर्यत डांबरावरची नव्हती; माळावरची कच्ची वाट, खडी, चढ आणि उतार. शेजारी उभे होते तिचे वडील. ते हमरस्त्यालगत ट्रकच्या टायरचं दुकान चालवत होते, बावीस वर्षं.

"सर, एवढ्या कमी हवेत टायर मरतो," टायरवाला म्हणाला.

"सांगतो तेवढं करा हो."

अकरा पालकांच्या देखत! कमी हवेने फाटलेले टायर त्याने दुकानाबाहेर मुद्दाम रचून ठेवले होते, ड्रायव्हरांना दाखवायला. त्यावरून तो इतकं ऐकवायचा की ड्रायव्हर त्याला माघारी 'मास्तर' म्हणायचे. आणि आता गळ्यात शिट्टी अडकवलेला माणूस त्यालाच हवा शिकवणार!

"अहो, हवा सायकलची सोडली, तुमची नाही," घरी हे ऐकून बायको म्हणाली. खोक्यांच्या कारखान्यातून ती नुकतीच आली होती आणि पाय पसरून बसली होती.

"एकच आहे ते."

त्याने टायरच्या कडेला छापलेला आकडा वाचला, पासष्ट पौंड, आणि तेवढी भरली. छापलंय ते काय शोभेला? मग तोच क्रम पडला. रविवारी सरावाला सर हवा सोडायचे, सोमवारी दुकानात हा भरायचा. तिसऱ्या रविवारी तर त्याने निघायच्या आधीच तपासून घेतली, पासष्टला एक पौंड कमी नाही.

त्या दिवशी सर हवा सोडायला येण्याआधीच खडीच्या वळणावर भिंगरीचं मागचं चाक घसरलं. कोपर सोलून निघालं, बाही फाटली. ती रडली नाही, पण उठायला वेळ लागला.

सरांनी आधी टायर दाबला. "दगड केलाय याचा! परत भरलीत ना?"

"का नाही भरायची, ते सांगा."

"तुमचं ट्रकचं काम वेगळं. तुम्हाला नाही कळायचं."

पाचच मिनिटांपूर्वी हेच सर पांढऱ्या बुटांतल्या एका पालकाला, साहेब साहेब करत, काडीने मातीत चाक काढून काहीतरी समजावत होते. टायरवाल्याने ते पाहिलं होतं. त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या साहेबाला कारण मिळालं होतं. याच्या नखांत ग्रीस, म्हणून याला नुसता हुकूम.

घरी जाताना सायकल त्याने हातात धरली होती. भिंगरी कोपराला रुमाल बांधून शेजारी चालत होती.

"बाबा, सायकल उड्या मारते. खडीवर चाक टेकतच नाही. ब्रेक दाबून उपयोग होत नाही."

"हे आधी का नाही बोललीस?"

"तुम्ही इतक्या रागाने हवा भरत होता. कोण बोलणार?"



दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर त्याने तिला दुकानात बोलावलं. मागच्या टायरला ओला खडू फासला, तिला सायकलीवर बसवलं आणि काळ्या फरशीवर चाक टेकवलं. पासष्ट पौंडांना नाण्याएवढा ठसा उमटला. एवढ्याशा रबरावर पोरीचा अख्खा भार! तो पाच पाच पौंड उतरवत गेला. तिशीला ठसा काडेपेटीएवढा झाला. विसाला मात्र पायरीवरून सायकल उतरवताना रिम टक्कन आपटली.

"हे सरांच्या अंगठ्याचं माप, सोमवारी भरण्याआधी मोजली की एवढीच असायची," तो म्हणाला. "अशाने ट्यूब चिमटते आणि फाटते."

चार संध्याकाळी वर-खाली करून आकडा ठरला. मागे सव्वीस, पुढे चोवीस.

ते झाल्यावर तो ड्रमवर बसला आणि स्वतःवरच चिडला. ट्रक आला की 'माल किती?' हे विचारल्याशिवाय त्याने कधी पाइप लावला नव्हता. आणि घरच्या अठ्ठावीस किलोंच्या पोरीला मात्र आकडा वाचून हवा ठोकली! पण सरांनी तरी कुठे विचारलं होतं? जाडा असो की काटकुळा, सगळ्यांना एकच अंगठा. राग फिरून पुन्हा तिकडेच गेला.

शर्यतीच्या दिवशी सर रांगेतून टायर दाबत, हवा सोडत आले. भिंगरीने व्हॉल्ववर हात ठेवला.

"हात लावू नका, सर. मागे सव्वीस आहे, पुढे चोवीस."

"कोणी सांगितलं?"

"मोजलंय."

"पडलीस तर माझ्याकडे यायचं नाही."

"नाही येणार."

टायरवाला खडीच्या त्याच वळणापाशी जाऊन उभा राहिला. पहिल्या फेरीत ती आली, ब्रेक दाबला, चाक खडी चिरडत वळलं आणि ती निघून गेली. दुसऱ्या फेरीतही तसंच. तिसऱ्या फेरीत ती एका मुलीवर ओरडतच आली, "बाजूला हो ना गं!" एकतीस जणांत तिचा नंबर एकोणिसावा आला. सोललेलं कुठेच नव्हतं. ती मात्र फणफणत होती. "आख्खी वाट अडवून चालली होती ती! अठरावी आले असते मी."

जवळच एक बाई पंक्चर झालेली सायकल धरून उभी होती. तिचा थोराड मुलगा दुसऱ्या फेरीतच पायी परतला होता.

"दादा, तुमच्या मुलीच्या चाकात किती हवा होती हो?"

"ताई, त्यांना कशाला विचारता?" मागून सर म्हणाले. "मी आहे ना. पुढच्या वेळी मी बघून देईन."

टायरवाल्याने मान वळवली नाही. "मुलाचं वजन किती, ताई?"

"बावन्न."

"मग माझ्या पोरीचा आकडा तुमच्या कामाचा नाही. का नाही, तेही सांगतो." तो ढोपरांवर बसला, फुटलेल्या चाकातून ट्यूब ओढून काढली आणि शेजारी शेजारी पडलेल्या दोन चिरा तिला बोट लावून दाखवल्या. रिम कुठे आपटली, हवा कमी पडली तर काय होतं, जास्त झाली तर काय होतं, सगळं सांगितलं. दोन पालक जवळ आले, मग आणखी तिघं. सर ऐकू येईल इतक्याच अंतरावर होते. त्याने आवाज मुळीच खाली आणला नाही.